भुताची वहिवाट

भयपटांच्या इतिहासात माणसाला भिवविण्याचे जे जे उपाय आजवर योजले गेले, त्यांतले निदान निम्मे तरी पडद्यावर नव्हे, तर तिकिटाच्या खिडकीअलीकडेच उरकण्यात आले आहेत. अमेरिकेत विल्यम कॅसल नावाचे एक दिग्दर्शक होऊन गेले. आपल्या ‘मकाब्र’ या चित्रपटात भिण्याजोगे फारसे काही नाही, ही गोष्ट इतर कोणाच्याही आधी ज्यांच्या ध्यानात आली असावी अशा या चतुर गृहस्थांनी, १९५८ साली तो प्रदर्शित करताना प्रत्येक प्रेक्षकाचा एक हजार डॉलरांचा विमा लंडनच्या लॉइड्सकडे उतरविला. चित्रपट पाहता पाहता भीतीने कोणाचे प्राणोत्क्रमण झालेच, तर मागे वारसांची आबाळ होऊ नये, हा त्यातला उदात्त हेतू. शिवाय चित्रपटगृहाच्या दालनात परिचारिका उभ्या केल्या आणि दाराशी शववाहिका आणून लावल्या. इतका जय्यत बंदोबस्त करूनही एका वारसाने म्हणून दावा दाखल केल्याचे ऐकिवात नाही. याच कॅसलसाहेबांनी १९६१ साली ‘होमिसायडल’ काढला, तेव्हा शेवटच्या प्रसंगाआधी पंचेचाळीस सेकंदांची मुदत जाहीर केली: ज्यांना पुढचे सोसवणार नाही त्यांनी खुशाल उठून पैसे परत न्यावेत, मात्र त्यासाठी जमिनीवर आखलेल्या पिवळ्या रेषेवरून सर्वांदेखत ‘भित्र्यांच्या कोपऱ्या’त जायचे, तिथल्या परिचारिकेकडून रक्तदाब मोजून घ्यायचा आणि आपण अस्सल भित्रे असल्याच्या दाखल्यावर सही करायची. आपल्याकडे तिकिटाचे पैसे परत मिळणार म्हटल्यावर सबंध चित्रपटगृह त्या पिवळ्या रेषेवर रांग लावून उभे राहिले असते, आणि वर त्या दाखल्याच्या दोन साक्षांकित प्रतीही मागून घेतल्या असत्या.

ही विद्या आपल्याकडे आली नाही असे नाही. २००८ साली राम गोपाल वर्मा यांचा ‘फूंक’ आला, त्या वेळी तो चित्रपटगृहात एकट्याने बसून पाहील त्यास पाच लाख रुपयांचे बक्षीस जाहीर झाले होते. ते वाचल्याबरोबर माझ्या डोळ्यांपुढे उभे राहिले ते मराठी चित्रपटांचे निर्माते. दुपारच्या खेळाला रिकाम्या खुर्च्यांच्या त्या अफाट विस्तारात एकट्याने बसून आपलाच चित्रपट अथपासून इतिपर्यंत पाहण्याचे धैर्य ज्यांनी वर्षानुवर्षे दाखविले, त्या बिचाऱ्यांना पाच लाख तर राहोतच, पण मध्यंतरातला चहादेखील कोणी फुकट पाजला नाही.

परवा ज्या चित्रपटाने हे सारे चिंतन माझ्यावर लादले, त्याचे नाव मी सांगणार नाही. कारण निंदेनेही प्रेक्षक वाढतात, आणि त्या पापात वाटेकरी होण्याची माझी इच्छा नाही. त्याची कीर्ती दोन महिने आधीपासूनच आमच्या घरात नांदत होती. माझा भाचा सकाळी दात घासताना त्याची जाहिरात पाही आणि रात्री जेवताना ती आम्हांस दाखवी. जाहिरातीत भूत अभावानेच दिसे. दिसत ती माणसे. काळोखातही टिपणाऱ्या कॅमेऱ्याने प्रेक्षकांचे हिरवट चेहरे घ्यायचे, त्यांनी खुर्चीतून उडावे, एकमेकांस मिठ्या माराव्यात, बोटांच्या फटींतून पाहावे, आणि हे सर्व पाहून आपण तिकीट काढावे, ही युक्ती ‘पॅरानॉर्मल ॲक्टिव्हिटी’ या अमेरिकन चित्रपटाच्या जाहिरातदारांनी २००९ साली रूढ केली. तो चित्रपट तयार करायला सुमारे पंधरा हजार डॉलर एवढाच खर्च आला होता, तेव्हा भुतापेक्षा प्रेक्षकांचा चेहरा दाखविणे त्यांना परवडणारेही होते. आमच्या चित्रपटाला मात्र कोट्यवधी रुपये लागले होते, असे भाच्याचे म्हणणे. “मामा, त्या रात्री तुम्ही एकटे झोपू नका,” असा प्रेमळ इशारा देऊन त्याने माझे तिकीट काढले, आणि ऐनवेळी त्याला कचेरीत थांबावे लागल्यामुळे मी एकटाच गेलो.

एकटाच म्हणजे माझ्यापुरता एकटा. शेजारच्या खुर्चीवर एक निवृत्त अव्वल कारकून होते. महसूल खात्यात उभे आयुष्य गेलेला माणूस तुम्ही कोण म्हणून विचारण्याआधीच स्वतःची सेवापुस्तिका उघडतो, त्यामुळे दिवे मालवण्यापूर्वीच त्यांचे तालुके, बदल्या आणि निवृत्तिवेतनातली तफावत मला अवगत झाली होती. त्यांच्या सुनेने त्यांना पाठविले होते. का, ते त्यांनी सांगितले नाही.

चित्रपट सुरू झाला. मुंबईतले एक तरुण जोडपे आणि त्यांची सहासात वर्षांची मुलगी कोकणातल्या एका शंभर वर्षांच्या वाड्यात राहायला येतात. वाडा त्यांना कवडीमोल किमतीत मिळालेला असतो. तळकोकणात गुंठाभर जागेसाठी सख्खे चुलतभाऊ तीन पिढ्या कोर्टाच्या पायऱ्या झिजवतात, ही गोष्ट ज्यांना ठाऊक आहे त्यांना खरे म्हणजे इथेच भयाने कापरे भरावयास हवे होते. पण नायकाला आनंद झाला. तेवढ्यात माझ्या शेजारून धीरगंभीर पृच्छा आली:

“सातबारा पाहिला का याने?”

मी म्हटले, “दाखवला तर नाही.”

“फेरफार? वारसनोंदी? तीस वर्षांचा शोध घ्यायला नको वकिलाकडून? इतर हक्काच्या रकान्यात काय आहे ते तरी बघायचे!”

वास्तविक भयपटांतील सर्व अनर्थांचे मूळ या एका प्रश्नात साठविलेले आहे. नायक उच्चविद्याविभूषित असतो, बायकोला इंग्रजीतून धीर देतो, अंगठ्याच्या एका स्पर्शाने लाखो रुपये इकडचे तिकडे करतो. पण ज्या घरात आपली बायकापोरे राहणार त्या घराचे दफ्तर तलाठ्याकडे जाऊन एकदा नजरेखालून घालावे, ही बुद्धी त्याला होत नाही. ती झाली असती तर चित्रपट पहिल्याच दहा मिनिटांत संपला असता, हे खरे. आणि तसा तो संपला असता तर कोणाचे काय बिघडले असते, हेही खरे.

मध्यंतराच्या सुमारास वाड्यातल्या बाईचे भूत रीतसर रुजू झाले, तेव्हा कारकूनसाहेबांनी प्रकरणाचा निकालच देऊन टाकला. मुदतीच्या कायद्याप्रमाणे बारा वर्षे उघड, अखंड आणि मालकाच्या हक्काविरुद्ध वहिवाट सिद्ध झाली की मूळ मालकाला ताबा मागता येत नाही. ही बाई शंभर वर्षे इथे आहे. सबब तिला काढायचेच तर दिवाणी दावा लावला पाहिजे, मांत्रिक आणून काही व्हायचे नाही. मी शंका काढली, की ती फक्त रात्रीच प्रकट होते, मग तिची वहिवाट अखंड कशी मानावी? त्यांनी क्षणभर विचार केला. पडद्यावर त्या वेळी एक पाळणा आपोआप हलत होता.

“सामान दिवसाही तिथेच असते ना?” ते म्हणाले.

माळ्यावरच्या त्या शिसवी पेटीचा विचार करता मला हे मान्य करावे लागले.

आता हे भूत किती नियमाने वागले म्हणाल! पहाटेचे तीन वाजले की घड्याळाचा काटा अडकायचा, खिडकी आपटायची, आणि वऱ्हांड्यातून पैंजणांचा आवाज डावीकडून उजवीकडे जायचा. ज्या देशात साहेबांची वेळ अकराची असली तर टेबलापुढे माणूस साडेबाराला मिळतो, त्या देशात भुताने पाळलेला हा वक्तशीरपणा खरोखर स्पृहणीय होता. क्रमही ठरलेला: आधी कुत्र्याला कळायचे आणि त्याबद्दल त्याने प्राणास मुकायचे, मग मुलीला कळायचे आणि तिने काळ्या खडूने चित्रे काढायची, मग म्हाताऱ्या राखणदाराला कळायचे, म्हणजे त्याला ते आधीपासूनच कळलेले असायचे, आणि त्याने कोकणात कोणीही कधी न बोललेल्या कोकणी ढंगात “त्या खोलीत जाव नको” असे सांगायचे, मग बायकोला, आणि सर्वांत शेवटी नवऱ्याला, जो तोपर्यंत विज्ञानावर विश्वास ठेवून असतो. न्हाणीघरातला आरसा मी विसरत नाही. बाई तोंड धुते, आरशामागचे कपाट उघडते, त्यातली गोळी घेते आणि कपाट बंद करते. बंद केल्यावर काय दिसणार, हे माझ्या मागच्या रांगेतल्या शाळकरी मुलीने तिच्या आईला आधीच सांगून ठेवले होते, आणि भुताने तिला खोटे पाडले नाही.

राहता राहिला आवाज. हल्ली भिवविण्याचे सारे काम आवाजावर सोपविलेले आहे. आधी इतकी शांतता की शेजारच्याच्या तोंडातला मक्याचा दाणा फुटलेला ऐकू यावा, आणि मग एकदम पन्नास ढोल आणि शंभर व्हायोलिने यांचा कडकडाट. या क्लृप्तीचे एक कूळ १९४२च्या ‘कॅट पीपल’ या चित्रपटापर्यंत पोचते. त्यात एक बाई रात्रीच्या निर्जन रस्त्याने चालली आहे, मागून पावले वाजत आहेत, ती पावले थांबतात, तिचा श्वास रोधतो, आणि काही तरी झडप घालणार अशा क्षणी फूत्कार टाकीत तिच्यापुढे येऊन उभी राहते ती एक प्रवासी बस. निर्माते व्हॅल ल्यूटन यांच्या नावाने ही बस चित्रपटशास्त्रात अजरामर झाली. त्या प्रसंगात भीती होती ती पावलांत, बस केवळ तिचा उतारा म्हणून आली होती. पुढच्या लोकांनी पावले गाळली आणि बस तेवढी ठेवली. परवाच्या चित्रपटात दर सात-आठ मिनिटांनी अशी एक बस येत होती. महाराष्ट्रातल्या थांब्यांवर ज्यांची हयात गेली त्यांना या अनुभवात नवलाईचा भाग असलाच तर तो एवढाच, की बस येत होती.

कानांची अशी दैना होत असता डोळ्यांच्या करमणुकीची सोय मात्र सरकारने केली होती. नायकाचा एक मित्र रात्री अंगणात येऊन सिगारेट पेटवितो. त्याच्या मागे, हातभर अंतरावर, केस मोकळे सोडलेली आकृती उभी आहे. पुढच्या मिनिटात त्याची मान उलटी फिरणार, हे उघड आहे. आणि नेमक्या त्याच वेळी पडद्याच्या तळाशी, धूम्रपान आरोग्यास हानिकारक असल्याची सूचना उमटते! इतका दूरदर्शी, इतका वात्सल्यपूर्ण आणि इतका निरुपयोगी इशारा मर्त्य माणसाला क्वचितच मिळाला असेल. आमच्या रांगेत सर्वांत मोठा हशा त्या सूचनेला मिळाला. मध्यंतरानंतर मांत्रिक आला आणि त्याने नायिकेला भूत उतरविण्यासाठी दोरखंडाने बडवायला सुरुवात केली, तेव्हा मात्र तळाशी काही उमटले नाही. वास्तविक २०१३ सालच्या महाराष्ट्राच्या जादूटोणाविरोधी कायद्यात, भूत उतरविण्याच्या बहाण्याने मारहाण करणे हे अनुसूचीत अगदी आरंभालाच घातले आहे, आणि सिगारेट ओढण्यापेक्षा हा गुन्हा पुष्कळच थोर आहे. कारकूनसाहेबांनी मांत्रिकाची जागा, वेळ आणि साक्षीदार मनाशी टिपून घेतल्याचा मला भास झाला.

पण माझी खरी तक्रार भुताच्या वागणुकीबद्दल नसून त्याच्या जातकुळीबद्दल आहे. कोकणात कथा घडवायची आणि भूत मात्र परमुलखातून आयात करायचे! १९९८ साली ‘रिंग’ हा जपानी चित्रपट आला आणि त्यातली सादाको चेहऱ्यावर केस ओढून दूरचित्रवाणी संचातून बाहेर सरपटत आली. त्या दिवसापासून जगातली सर्व भुते न विंचरलेल्या केसांची, वाकड्या मानेची आणि उलट्या गुडघ्यांची झाली. आणि आमच्याकडे पिढीजात केवढा सरंजाम होता! मुंज होऊन लग्नाआधी गेलेल्या पोराचा पिंपळावर बसणारा मुंजा; पाण्यात राहून माणसाची थट्टा करणारा गिऱ्हा; गावच्या सीमेवर राखण करणारा देवचार; हडळ, जखीण, खवीस, झोटिंग; आणि या सर्वांचा अधिपती वेताळ. वेंगुर्ले तालुक्यातल्या आरवलीच्या वेतोबाला भाविक भल्या थोरल्या चामडी वहाणा वाहतात, आणि देव रात्री गावची गस्त घालतो म्हणून त्या झिजतात, अशी श्रद्धा आहे. ज्या प्रांतात दैवतसुद्धा वहाणा झिजेपर्यंत रात्रपाळी करते, त्या प्रांतातल्या भुताने एका वाड्याच्या चार खोल्यांत नुसत्या खिडक्या आपटीत बसावे, हा आळस झाला. आमच्या जुन्या मंडळींपैकी एकाने मात्र त्या रात्री मला दर्शन दिले, ते म्हणजे चकव्याने. माणूस पहाटेपर्यंत चालतो आणि उजाडल्यावर पाहावे तो त्याच शेताच्या त्याच बांधावर उभा. मध्यंतरानंतर सुमारे तासाभराने नायिका कंदील घेऊन त्याच जिन्यावर पुन्हा चढू लागली, तेव्हा चकवा म्हणजे काय ते मला खुर्चीत बसल्या बसल्या उमगले.

पूर्वी असे नव्हते, हे म्हणण्याच्या वयाला मी पोचलो आहे, तेव्हा म्हणून टाकतो. ‘महल’ (१९४९), ‘बीस साल बाद’ (१९६२), ‘वह कौन थी?’ (१९६४) या चित्रपटांत भूत शेवटी भूत नसेच, माणूसच निघे. तरीही धुके, दिवा आणि एक दूरचे गाणे एवढ्या सामग्रीवर सबंध थिएटर जागच्या जागी थिजून जाई. त्यांपैकी शेवटच्या चित्रपटात सारा घोळ इस्टेटीसाठी असतो, हे सांगताच कारकूनसाहेब प्रथमच प्रसन्न झाले. “म्हणजे वारसाचा मामला!” ते म्हणाले. “मग पटते.” पुढे रामसे बंधू आले. ‘दो गज जमीन के नीचे’ (१९७२) पासून सात भावांनी दिग्दर्शन, छायाचित्रण, ध्वनी अशी खाती आपसांत वाटून घेऊन जो घरगुती कारखाना चालविला, त्यातल्या मालाला कोणी कलाकृती म्हटले नाही आणि त्यांनीही तसा आग्रह धरला नाही. ‘पुराना मंदिर’ (१९८४) मधला सामरी हा राक्षस ज्यांनी उभा केला ते अनिरुद्ध अग्रवाल रुरकीहून स्थापत्यशास्त्र शिकलेले अभियंते. पडक्या वास्तूत वावरण्याचा शास्त्रोक्त अधिकार असलेले असे भूत पुन्हा व्हायचे नाही. त्या चित्रपटांतही पुढे काय होणार हे कळत असे. परंतु त्यांनी आधी दोन महिने आमच्या जेवणाच्या ताटापाशी येऊन बढाया मारलेल्या नसत, आणि तिकिटाच्या दरात आठवड्याची भाजी येत नसे.

अखेरीस उलगडा झाला. भूत म्हणजे वाड्याच्या खोताने छळून मारलेली एक निरपराध स्त्री होती, आणि तिला सूड नको, फक्त न्याय हवा होता. तात्पर्य, शंभर वर्षे एक अर्ज प्रलंबित होता, अर्जदार रोज पहाटे तीन वाजता तगादा लावीत होती, आणि संबंधित मंडळी घाबरल्याचे निमित्त करून तो दाखल करून घेत नव्हती. खोताच्या वंशजाचा अंत करून बाई तृप्त झाली.

“खोती १९४९च्या कायद्याने गेली,” कारकूनसाहेब हळहळले. “हिला कोणी कळवलेच नाही वाटते.”

वाडा जळाला, पहाट झाली, कुटुंब मोटारीत बसले, आणि आता मागच्या काचेवर एक हात उमटणार असे मागच्या रांगेतल्या मुलीने जाहीर केल्यावर तो उमटला. दुसरा भाग दिवाळीत येणार असल्याची पाटी झळकली.

बाहेर पडण्याच्या वाटेवर चित्रपट कंपनीची दोन पोरे कॅमेरा घेऊन उभी होती. “सर, कसा वाटला?” असे त्यांतल्या एकाने विचारले, आणि त्याला सविस्तर कैफियत देण्यासाठी मी तोंड उघडले; परंतु अडीच तास दाबून ठेवलेली जांभई शब्दांच्या आधी बाहेर पडली. ती साधी जांभई नव्हती. तिने जबडा पुरता ताणला, डोळे पाण्याने डबडबले, हात आपसूक तोंडावर गेला आणि घशातून एक दीर्घ, करुण असा ध्वनी निघाला. पोरे अतिशय खूश झाली. कारकूनसाहेबांनी मात्र चित्रीकरणाची लेखी परवानगी दाखवा म्हणून त्यांना हटकले, आणि परवानगी कोणाच्या सहीची लागते यावर त्यांचा वाद चालू असता मी घरी आलो.

चौथ्या दिवशी इंदूरहून धाकट्या बहिणीचा फोन. चित्रपटाच्या नव्या जाहिरातीत मी आहे, आणि काळजाचे पाणी करणाऱ्या त्या किंकाळीखाली ‘ज्येष्ठांनाही अश्रू आवरेनात’ असे लिहिले आहे, ही वार्ता तिने रडवेल्या आवाजात दिली. जांभईची हकीकत मी तिला नाना परींनी समजावून सांगितली.

“दादा, तू लहानपणापासून असाच. भ्यालास की कबूल म्हणून करायचे नाही,” ती म्हणाली. “देवीचा अंगारा कुरियरने पाठवलाय. उशाखाली ठेव, आणि दिवाळीत दुसऱ्या भागाला जाऊ नकोस. आमची तिकिटे काढून झाली आहेत, आम्ही बघून सांगतो.”